कार्ड हातात आहे, नाव यादीत नाही

२०१९ च्या एप्रिलमध्ये, लोकसभेच्या मतदानाला, माझी ड्यूटी पुण्यात पर्वतीच्या बाजूच्या एका शाळेत लागली होती. पहिला मतदान अधिकारी म्हणून. आत येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, यादीत नाव शोधायचं, नाव आणि अनुक्रमांक पोलिंग एजंटांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचायचा, मग नावाखाली रेघ मारायची. शाई आणि सही पुढच्या टेबलावर. काम साधं आहे, पण मतदाराला ‘तू तूच आहेस का?’ असं विचारणारा पहिला माणूस आपण असतो.

त्या निवडणुकीत एक नियम नवा होता. घरोघर वाटलेली फोटो असलेली मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून एकटी चालणार नव्हती. चिठ्ठीवर तसं छापलेलं होतं, पण छापलेलं कोण वाचतं? सकाळी सातपासून माणसं नुसती चिठ्ठी घेऊन रांगेत उभी राहायची, टेबलापर्यंत पोचायची आणि मी त्यांना परत पाठवायचो. ज्यांचं घर जवळ ते कार्ड घेऊन आले. मंडईतून किंवा बांधकामावरून तासाभराची सुट्टी काढून आलेले सगळे परत आले का, ते मला सांगता येणार नाही.

अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचं पुडकं. मतदार कार्ड हरवलेलं. आधार होतं, पण त्यावर ‘लक्ष्मी’ आणि यादीत ‘बेबी’. एक माहेरचं नाव, एक सासरचं, आणि आयुष्यभर दोन्ही चालवलेली. मी केंद्राध्यक्षांकडे बघितलं. त्यांनी यादीतला फोटो पाहिला, आजींकडे पाहिलं, नवऱ्याचं नाव आणि घर क्रमांक जुळवला. दोन्ही पक्षांचे एजंट एकदमच म्हणाले, “अहो, या आमच्या वस्तीतल्याच.” आजींनी मतदान केलं. नियमही तेच सांगतो, ओळख पटत असेल तर नावातल्या किरकोळ फरकासाठी कुणाला अडवायचं नाही. त्या पाच मिनिटांत कागदापेक्षा माणसाला मोल आलं, याचं मला आजही समाधान आहे.

दुपारी तीनला चाळिशीचा एक माणूस आला. त्याचं मतदार कार्ड अस्सल आणि कोरं करकरीत, फोटो त्याचाच. पण यादीत नाव नाही. पुरवणी यादी पाहिली, शेजारच्या खोलीतला भाग पाहिला, बाहेर बसलेल्या बीएलओ ताईंनी, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचारी बाईंनी, त्यांच्या यादीत शोधलं. कुठेच नाही. मागच्या निवडणुकीत याच शाळेत मतदान केल्याचं तो सांगत होता आणि त्याच्यावर अविश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं. शेवटी त्याने कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “मग हे कशासाठी दिलंय?”

फोटो ओळखपत्राच्या सक्तीबद्दल जगभर वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, ओळखपत्र नसेल तर मत नाही. दुसरी म्हणते, ही सक्ती म्हणजे गरिबाला रांगेतून बाहेर काढायची युक्ती. माझं मत पहिल्या बाजूकडे झुकतं, ओळखपत्र मागावंच. पण त्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय ते मागायचा पूर्ण अधिकार आपल्याला येत नाही, असंही मला वाटतं. या लेखात मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे.

मागावं का, ते आधी सांगतो. वाड्यांच्या आणि चाळींच्या पुण्यात एजंट पुरेसा होता. कोण कुणाचा, कोण परगावी गेलाय, कुणाचे वडील मागच्या महिन्यात वारले, हे त्याला पाठ असायचं. वस्त्यांमध्ये ते आजही बरंचसं खरं आहे, म्हणून तर त्या आजींचं काम झालं. पण वाघोली-हिंजवडीच्या वीस मजली इमारतींत समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे दारावरची पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तिथे एजंट कुणाला ओळखणार? शिवाय चोरीला जातं ते मत बहुतेक दुबळ्याचं असतं. जो ऊसतोडीला गेलाय, जो आजारी आहे, जो तक्रार करायला येणार नाही, त्याच्या नावावर दुसरा कुणीतरी बटण दाबतो. असा मतदार उशिरा का होईना केंद्रावर आलाच, तर त्याला प्रदत्त मत देता येतं. कागदी मतपत्रिका, वेगळं पाकीट, आणि ते पाकीट न्यायालयाने सांगितलं तरच उघडायचं. मतमोजणीच्या दिवशी ते मत मोजलं जात नाही. म्हणजे चोरी झाल्यावरचा उपाय नावापुरता आहे, ती आधीच रोखायला हवी. त्यासाठी फोटो लागतो.

तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये फोटो ओळखपत्राचा आग्रह धरला तो याचसाठी. कार्डं दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुकाच घेणार नाही, इथपर्यंत त्यांनी सरकारांना ताणलं. महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक १९९५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालीच, आणि कार्डं सगळ्यांच्या हातात पडायला पुढे कित्येक वर्षं गेली. पण त्या आग्रहातली एक गोष्ट आपण विसरतो. शेषन यांचा धाक सरकारांना होता. कार्ड बनवायचं, फोटो काढायचा, ते पोचवायचं, हे सगळं सरकारचं काम होतं. मतदाराने फक्त फोटोला बसायचं होतं.

इतर देशांत हा भार मतदाराच्या अंगावर टाकला गेला आणि वाद पेटला. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा केला आणि मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मतदानकेंद्रावर फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं. त्या एका दिवशी किमान १४ हजार लोक ओळखपत्राअभावी मत न देता परत गेले. टक्केवारीत हा आकडा पाव टक्का भरतो आणि कुणी म्हणेल, एवढंसंच ना? पण ही माणसं घरातून मत द्यायलाच निघाली होती आणि दारापर्यंत आली होती. शिवाय तिथल्या मान्य ओळखपत्रांत ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचा प्रवासपास चालत नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. पुण्याच्या पीएमपी बसचा ज्येष्ठ नागरिकाचा पास दाखवून आजोबांना मत देता आलं आणि विद्यार्थी पास दाखवणाऱ्या नातीला परत पाठवलं, तर आपण गप्प बसू का? अमेरिकेत टेक्सासच्या कायद्याने बंदुकीचा परवाना ओळखपत्र म्हणून धरला आणि विद्यापीठाचं ओळखपत्र नाकारलं. ओळखपत्र मागणं निष्पक्ष दिसतं, पण कोणतं चालेल याची यादी कुणीतरी बसून ठरवतं आणि ती ठरवताना कुणाचं पाकीट डोळ्यांसमोर होतं ते यादीतून दिसतंच.

आपली यादी त्या मानाने उदार आहे. २०१९ ला मतदार कार्डाशिवाय अकरा पर्याय होते, आता बारा आहेत. आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड, पेन्शनचा फोटो असलेला कागद, दिव्यांगांचं ओळखपत्र वगैरे. जॉबकार्ड आणि पोस्टाचं पासबुक त्यात आहे, याचा अर्थ ठरवणाऱ्याला खेड्यातला मजूर माहीत होता. शहरातला मजूर मात्र त्यातून निसटतो. सरकारी नोकराचं किंवा पब्लिक लिमिटेड कंपनीतल्या माणसाचं सेवा ओळखपत्र चालतं. पुण्यातल्या कचरावेचक बाईच्या गळ्यातलं कार्ड त्या यादीत नाही.

त्या कार्डाजवळ जरा थांबायला हवं. १९९३ मध्ये, शेषन यांच्या ओळखपत्राच्याच वर्षी, पुण्यात बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांची मागणी सगळ्यांत आधी पैशांची नव्हती. त्यांना फोटोचं ओळखपत्र हवं होतं. पहाटे पोतं खांद्यावर टाकून निघालेल्या बाईला कुणीही हटकायचं, चोर म्हणायचं, सोसायटीत काही गेलं की पोलीस आधी तिलाच उचलायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेने पंचायतीची ओळखपत्रं मान्य केली, आणि असं करणारी ती देशातली पहिली महापालिका समजली जाते. पोलीस आडवा आला की बाई कार्ड पुढे करायची. ज्या कार्डाला जगभर गरिबाच्या वाटेतली धोंड म्हणतात, तेच कार्ड या शहरात गरीब बायांनी झगडून मिळवलं.

दोन्ही कार्डांवर फोटोच आहे, मग फरक कुठे पडला? पंचायतीचं कार्ड त्या बायांच्या दारात चालत आलं. दाखला आणा, भाडेकरार आणा, जन्माचा पुरावा आणा, असं कुणी त्यांना म्हटलं नाही. त्या रोज कचरा वेचतात हे संघटनेने उकिरड्यावर जाऊन पाहिलं होतं आणि तेवढ्यावर ओळख पटवली होती.

ओळख पटवण्यावरून बायांची मतं जाणं ही आपल्याकडची सगळ्यांत जुनी कहाणी आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करताना लाखो बायांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी चालणार नाहीत, स्वतःचं नाव हवं, असा आग्रह धरला आणि सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गळली. ती बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली होती. सेन यांचं धोरण दूरदृष्टीचं होतं, कारण त्यानंतर बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या. पण त्या निवडणुकीत त्या २८ लाख जणी मताविना राहिल्या, हेही तितकंच खरं. महाराष्ट्रात नाव लपवलं जात नाही, ते बदललं जातं. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं, मग रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं, आणि इंग्रजीतून मराठीत आणताना संगणकाने केलेलं चौथं. पुरुषाची कागदपत्रं बहुधा जन्मभर एकाच नावाची असतात. म्हणून ‘कागद जुळले पाहिजेत’ हा सगळ्यांसाठी सारखा दिसणारा नियम बाईवर दुप्पट पडतो. टेबलावर बसलेल्याला हे उमगलेलं असावं लागतं.

आता कार्डाने काय होत नाही ते बघू. एका माणसाने दुसऱ्याच्या नावावर मत देणं, एवढा एकच गैरप्रकार फोटोने थांबतो. पुण्यात ज्याची जास्त चर्चा होते त्या दुबार मतदाराचं काय? एक नाव गावाकडे, एक इथे. दोन्ही नोंदी त्याच्याच आणि दोन्ही फोटो त्याचेच. कार्ड कितीही निरखलं तरी हाती काही लागणार नाही. तिथे उपयोग बोटावरच्या शाईचा, आणि त्याआधी यादी नीट तपासण्याचा. महापालिका निवडणुकांच्या आधी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायचं ठरवलं आणि अशा मतदाराकडून कुठे मत देणार ते लिहून घ्यायचं ठरवलं. उपाय तात्पुरता असला तरी दिशा योग्य आहे, कारण त्यात नाव परस्पर कापलं जात नाही, माणसाला विचारलं जातं. (ज्या शहराची महापालिका मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं लोकप्रतिनिधींशिवाय चालली, तिथे मताचा हक्क निव्वळ कार्डावर अडलेला नव्हता, हेही इथेच नोंदवतो.)

यादीचं दुखणं असताना कार्डावर कडकपणा करणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. पुणेकरांना हे नव्याने सांगायला नको. १७ एप्रिल २०१४ ला, लोकसभेच्या मतदानादिवशी, या शहरात हजारो लोक कार्ड घेऊन केंद्रावर गेले आणि नाव नाही म्हणून परत आले. वर्षानुवर्षं एकाच पत्त्यावर राहणारे, आधीच्या निवडणुकीत मत दिलेले. निवडणूक आयोगाच्या पातळीवरून महाराष्ट्रातल्या मतदारांची माफी मागितली गेली. पण माफीने त्या दिवशीचं मत परत आलं नाही.

२०२५ मध्ये बिहारमध्ये हाच प्रश्न कितीतरी मोठ्या आकारात उभा राहिला. विशेष सखोल पुनरीक्षणाच्या, म्हणजे मतदार यादी नव्याने तपासण्याच्या मोहिमेच्या, सुरुवातीला यादीत ७ कोटी ८९ लाख नावं होती. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत त्यातली सुमारे ६५ लाख नव्हती. मृत, स्थलांतरित, दुबार अशी कारणं आयोगाने दिली आणि त्यातली बरीच खरी असतील. मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहणं मला मुळीच मान्य नाही. पण कुणाचं नाव कोणत्या कारणाने गेलं ते उघड करा, हे १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आधारही पुरावा म्हणून घ्या, हे सांगायला ८ सप्टेंबर उजाडला. आयोगाने आधी मागितलेल्या अकरा कागदांत आयोगाचंच मतदार कार्ड नव्हतं. माझ्या टेबलावर कार्ड ठेवणाऱ्या त्या माणसाचा प्रश्न बिहारमध्ये लाखोंनी विचारला.

पुण्यात अशी मोहीम आली की काय होईल, ते डोळ्यांसमोर आणून बघा. दर अकरा महिन्यांनी घर बदलणारं भाडेकरू जोडपं. पत्त्याचा पुरावा म्हणून घरमालक करार द्यायला तयार नाही, कारण त्याला तो नोंदवायचाच नाही. नऱ्हे-आंबेगावच्या लेबर कॅम्पात पत्र्याच्या खोलीत राहणारा मजूर, जो बीएलओ येईल तेव्हा सेंट्रिंगवर असेल. वॉर्ड ऑफिसात एका हेलपाट्याला त्याचा एक खाडा पडतो. तीन हेलपाट्यांत त्याचा आठवड्याचा किराणा जातो. त्याने मत सोडून दिलं तर त्याला बेफिकीर म्हणायची माझी हिंमत होणार नाही.

आणि तरी आपल्याच नियमपुस्तकात याचं उत्तर लिहिलेलं आहे. बेघर माणसाने नाव नोंदवायचा फॉर्म सहा भरला तर त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागायचा नाही. बीएलओने रात्री त्या जागी जायचं, तो खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं आणि नाव घ्यायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. फूटपाथवरच्या माणसासाठी सरकारने रात्री चालत जावं, असं या देशाने लिहून ठेवलंय. मतदारापासून दोन किलोमीटरच्या आत केंद्र असावं, हा दंडकही त्याच जातीचा. आपली निवडणूक व्यवस्था अभिमानाने सांगावी अशी झाली ती मतदाराकडे चालत गेली म्हणून.

नाव वगळण्याच्या बाबतीतही कायदा चांगला आहे. नोटीस द्या, म्हणणं ऐका, मगच नाव काढा. प्रत्यक्षात नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि ‘सापडले नाहीत’ असा शेरा पडतो. अनेक मतदारांच्या कार्डाला मोबाईल जोडलेला असतो. त्यावर तीन वेळा मेसेज पाठवल्याशिवाय आणि वगळलेल्या नावांची यादी कारणासह केंद्राच्या दारावर महिनाभर लावल्याशिवाय एकही नाव जाऊ नये. बीएलओ ताई बहुतेक अंगणवाडीच्या किंवा शाळेच्या, आपलं काम सांभाळून हे करणाऱ्या. त्यांच्यावर हजार-बाराशे नावांचा भार टाकून वर घरोघर फिरा म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांना या कामासाठी मोकळं करायला हवं, आणि त्याचे पैसेही द्यायला हवेत.

पण सगळ्यांत गरजेचं वाटतं ते वेगळंच. ज्याच्या हातात आयोगाचं अस्सल कार्ड आहे आणि नाव यादीत नाही, त्याला त्या दिवशी पाकिटातून तात्पुरतं मत देता यावं. अमेरिकेने २००२ च्या कायद्याने हे केलंय. मत घ्यायचं, पाकीट सील करायचं, काही दिवसांत मतदाराची पात्रता तपासायची, योग्य ठरलं तर मोजायचं. यावर आक्षेप येतील. निकाल लांबेल, केंद्रावर गोंधळ होईल, बोगस लोक पाकिटं मागतील. निकाल एक-दोन दिवस लांबला तर काही बिघडत नाही. मतदान आणि मोजणी यांत आपण एरवी कितीतरी दिवस, लोकसभेला कधी महिनाभरसुद्धा थांबतो. बोगस माणूस फोटो आणि सही मागे ठेवून आणि बोटावर शाई घेऊन जाईल, म्हणजे त्याला पकडणं उलट सोपं होईल. टपाली मतपत्रिका, प्रदत्त मतपत्रिका, सीलबंद पाकिटं, यांची आपल्या कर्मचाऱ्यांना चांगली सवय आहे. नवं शिकावं लागेल असं त्यात फार थोडं आहे.

हे झालं तर मी कार्डाच्या बाबतीत कितीही कडक नियम मान्य करीन. मग कुणी चिठ्ठी घेऊन आलं तर त्याला परत पाठवताना माझा आवाज कापणार नाही, कारण ज्याच्याकडे कार्ड आहे त्याला ते दाखवून काहीतरी मिळतंय, हे मला ठाऊक असेल.

त्या दिवशी मी त्या माणसाला फॉर्म सहा पुन्हा भरायला सांगितलं. दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्याने कार्ड उचललं, पाकिटात ठेवलं आणि रांगेच्या उलट दिशेने, लोकांना बाजूला करत, दरवाजातून बाहेर गेला. आमच्या साहित्यात प्रदत्त मतपत्रिकांचं पाकीट होतं, आत वीस कोऱ्या मतपत्रिका. त्या त्याच्यासाठी नव्हत्या. रात्री नऊ वाजता साहित्य जमा करताना केंद्राध्यक्षांनी त्या मोजल्या, वीसच्या वीस भरल्या, आणि पाकीट न वापरलेल्या साहित्यात परत गेलं.